कळत नव्हतं का? टोंक, जयपूर, पुणे आणि काबूल

आजचा भाग जयपूरहून करतोय. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येतील, तेवढं सांभाळून घ्या. (पुस्तकात वाचणारे त्यातून सुटले.)

इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता अफगाणिस्तान, अमेरिकेचं वीस वर्षांचं युद्ध. बोलून झालं, आरती झाली, प्रसादाची गडबड सुरू झाली आणि बारावीतली एक मुलगी हातात द्रोण घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, "काका, एक विचारू? आपण ज्यांना सत्तेवर बसवलंय ते पैसे खातात, हे अमेरिकेला कळत नव्हतं का हो?"

मी तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिलं. युद्धात निवडीला फार वाव नसतो, वगैरे. ते मला स्वतःलाच पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मला टोंकला जायचं होतं. गाडी जयपूरच्या बाहेर पडली आणि लक्षात आलं, अरे, या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या घरापासून शंभर किलोमीटरवर आहे! म्हणून हा भाग.

टोंक म्हणजे जयपूरच्या दक्षिणेला, बनास नदीच्या काठावरचं गाव. तिथली नवाबांची सुनहरी कोठी लोक बघायला जातात. हे संस्थान कोणी निर्माण केलं? मोगलांनी नाही, राजपुतांनी नाही. होळकरांनी काही परगणे दिले होते, पण त्या परगण्यांचं 'संस्थान' झालं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सहीने, नोव्हेंबर 1817 मध्ये. आणि ते मिळालं अमीरखानाला.

मराठी वाचकाला अमीरखान परका नाही. संभळचा हा पठाण यशवंतराव होळकरांचा जोडीदार. माणूस हुशार, धाडसी, आणि त्याच्या फौजेचा पगार म्हणजे लूट. 1807 मध्ये जयपूर आणि जोधपूर यांच्यात युद्ध पेटलं, उदयपूरच्या कृष्णाकुमारीचं लग्न कोणाशी व्हायचं यावरून. अमीरखान आधी जयपूरच्या बाजूने लढला, मग जोधपूरने जास्त दिले म्हणून तिकडे गेला आणि जयपूरचाच मुलूख लुटला. 1808 मध्ये पोकरणच्या सवाईसिंहाला मैत्रीच्या बोलण्यांसाठी नागौरजवळ बोलावलं आणि दग्याने मारलं. 1810 मध्ये उदयपूरच्या राण्यावर त्याचा इतका दबाव आला की ती सोळा वर्षांची राजकन्या तिच्याच घरात विष देऊन संपवली गेली. हे सगळं कंपनीला ठाऊक होतं. खुद्द अमीरखानाने पुढे आपल्या मुन्शीकडून फारसीत चरित्र लिहवून घेतलं, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर कंपनीच्याच हेन्री प्रिन्सेप नावाच्या अधिकाऱ्याने 1832 मध्ये छापलं. म्हणजे माहितीची टंचाई मुळीच नव्हती.

मग त्याला नवाब का केलं?

1817 साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज लाखावर फौज घेऊन मध्य हिंदुस्थानात उतरला होता. सांगायला मोहीम पेंढाऱ्यांवर होती, पण रोख मराठी सत्तेवरही होता. अमीरखानाकडे कवायती पलटणी होत्या, उत्तम तोफा होत्या. तो पेंढाऱ्यांच्या, होळकरांच्या बाजूने उभा राहिला असता तर मोहीम लांबली असती. त्याच्याशी लढायचं तर एक अख्खा मोसम जाणार. विकत घ्यायचं तर एक कागद पुरे. कंपनीने कागद केला. होळकरांनी दिलेले टोंक, सिरोंज वगैरे परगणे वंशपरंपरा त्याचे, फौज मोडायची, तोफा कंपनीने किंमत देऊन घ्यायच्या, वर तीन लाखांचं कर्ज, जे पुढे परत मागितलंच नाही. हे बोलणं चालू होतं तेव्हा अमीरखानाची फौज काय करत होती माहितीये? जयपूरच्या मुलखात माधोराजपुऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती.

हिशोब साधा आहे. बाहेरून येणाऱ्या फौजेला या मोसमात रस्ता मोकळा हवा असतो. आज ज्याच्या हातात माणसं आणि बंदुका आहेत तोच तिला आज उपयोगाचा. त्याने गेल्या दहा वर्षांत काय केलं ही चौकशी उपयोगाची नाही. आणि तो पुढच्या वीस वर्षांत काय करेल, ते सोसणारे लोक वेगळे असतात.

आता जयपूरकडे वळू. टोंकच्या तहानंतर पाचच महिन्यांनी, 2 एप्रिल 1818 रोजी, जयपूरनेही कंपनीशी तह केला. का केला? अमीरखानाला कंटाळून, हे एक. आणि दुसरं कारण आपण, मराठे. हे आपल्या भाषेत बोलताना झाकू नये. त्रिपोलिया बाजारात सात मजली ईसरलाट उभी आहे. सवाई ईश्वरीसिंहाने विजयाची खूण म्हणून ती बांधली. त्याच्या गादीवर त्याचा सावत्रभाऊ माधोसिंह हक्क सांगत होता, आणि मल्हारराव होळकर पैशाच्या बोलीवर माधोसिंहाच्या पाठीशी उभे राहिले. डिसेंबर 1750 मध्ये मराठी फौज जयपूरजवळ आली, तेव्हा खजिन्यात द्यायला काही उरलं नव्हतं. ईश्वरीसिंहाने विष घेतलं. माधोसिंह गादीवर बसला, आणि मग त्याच्याकडेही आपली मागणी वाढतच गेली. जानेवारी 1751 मध्ये शहर बघायला, खरेदीला म्हणून आत गेलेल्या मराठ्यांवर जयपूरचे लोक उठले आणि हजारो माणसं एका दिवसात कापली गेली. परक्याने बसवलेला राजा आणि त्या परक्याबद्दलचा राग, दोन्ही एकाच शहरात, महिन्याभराच्या अंतराने. गणपतीसमोर मी हे बोललो नव्हतो. बोलायला हवं होतं.

तर 1818 चा तह. कंपनीने जयपूरचं सर्व शत्रूंपासून रक्षण करायचं. राजा आपल्या मुलखात पूर्ण मालक, कंपनीचा कायदा तिथे चालणार नाही. आणि खंडणी: पहिलं वर्ष माफ, मग चार लाख, पाच, सहा, सात, आणि सहाव्या वर्षापासून दरसाल आठ लाख. उत्पन्न चाळीस लाखांवर गेलं तर वाढीतला सोळाव्यातले पाच हिस्से आणखी. दहा-पंधरा वर्षं लुटल्या गेलेल्या मुलखाकडून! (योगायोग बघा. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरे बाजीराव कंपनीला शरण आले आणि त्यांना पेन्शन मिळाली तीही सालिना आठ लाखच.)

डिसेंबर 1818 मध्ये महाराजा जगतसिंह वारला. मूल नव्हतं. काही महिन्यांनी राणी भटियाणीला मुलगा झाला, तोच तिसरा जयसिंह. पाळण्यातला राजा, त्याची आई कारभार बघणार, आणि दोन गट. एकीकडे सामोदचा रावल बैरीसाल, ज्याने दिल्लीत जयपूरतर्फे तहावर सही केली होती. तो कंपनीचा माणूस. दुसरीकडे राणीच्या मर्जीतला संघी झूंथाराम, सरावगी जैन घराण्यातला मुत्सद्दी. 1821 पासून कंपनीचा एक इंग्रज अधिकारी जयपुरात राहायला आला. पुढची चौदा वर्षं कधी बैरीसाल वर, कधी झूंथाराम. झूंथारामाला एकदा हद्दपार केलं, मग परत येऊ दिलं, आणि शेवटची काही वर्षं कारभार त्याच्याच हातात होता. कंपनीला ते आवडत नव्हतं, पण चालत होतं. खंडणीची बाकी साचत होती, आणि खंडणीसाठी सावकार आगाऊ पैसे देणार, बदल्यात परगण्यांची वसुली त्यांच्याकडे लागणार, हे चक्र कुठल्याही मांडलिक दरबारात होतं तसं इथेही होतं.

झूंथाराम किती भ्रष्ट होता? इंग्रजी कागदांत तो पक्का खलनायक आहे. मला ते जसंच्या तसं घेववत नाही, कारण ते कागद जिंकलेल्या पक्षाचे आहेत. पण प्रश्न एका माणसाच्या चारित्र्याचा नाहीच. दिवाण चांगला की वाईट हे ठरवायचं कोणी? पूर्वी जयपूरचा राजा किंवा त्याचा कारभारी फार माजला तर ठाकूर एकत्र येत, फौज घेऊन शहराबाहेर तळ देत, तडजोड होई. शेतकरी शेजारच्या मुलखात निघून जात, वसूल बुडे, राजा नरमे. तहानंतर हे दोन्ही मार्ग अरुंद झाले. ठाकूर उठले तर ते कंपनीच्या आश्रिताविरुद्ध उठले. आता दिवाणाला दोनच जणांना खूश ठेवायचं होतं, जनानखान्याला आणि इंग्रज एजंटला.

हे निदान माझं नाही. 1817 मध्येच, म्हणजे टोंकच्या तहाच्या थोडं आधी, थॉमस मन्रोने हेस्टिंग्जला पत्रातून हेच कळवलं होतं. मन्रो म्हणजे पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेला, कंपनीचा पक्का माणूस. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हिंदुस्थानात वाईट राजावर उपाय असे. राजवाड्यात गुपचूप बदल होई, नाहीतर बंड, नाहीतर स्वारी. आपली तैनाती फौज राजाला आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही शत्रूंपासून वाचवते, त्यामुळे हे तिन्ही उपाय बंद होतात. राजा आळशी होतो, कारण संरक्षण परक्यावर सोपवलंय. आणि जुलमी होतो, कारण प्रजेच्या द्वेषाची आता त्याला भीती नाही. म्हणजे कंपनीला कळत होतं. कळून, लिहून, पत्र फाइलला लागलं होतं. त्यानंतर वर्षभरात राजपुतान्यातल्या जवळजवळ सगळ्या राजांशी तेच तह झाले.

पुण्याचं उदाहरण तुम्हाला तोंडपाठ असेल, म्हणून थोडक्यात. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा डाग असलेल्या रघुनाथरावांना मुंबईकर इंग्रजांनी 1775 च्या सुरतेच्या तहाने जवळ केलं, कारण ते साष्टी आणि वसई द्यायला तयार होते. ज्याला घरात आधार नाही तो जास्त किंमत देतो. 31 डिसेंबर 1802 ला वसईच्या तहाने दुसरे बाजीराव आले, आणि 1803 च्या मे महिन्यात आर्थर वेलस्लीच्या फौजेने त्यांना पुण्यात परत बसवलं. त्यानंतर मामलतींचा लिलाव सुरू झाला. जास्त बोली लावेल त्याला तालुका, त्याने रयतेकडून कसे काढायचे ते त्याचं तो बघेल. पटवर्धनांसारखे जुने सरदार बाजीरावांना आवर घालू शकले असते, पण 1812 मध्ये एल्फिन्स्टनने मध्ये पडून त्यांनाच पेशव्यांपुढे मान तुकवायला लावली. तीन वर्षांनी पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, संशय त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला, आणि तेव्हा एल्फिन्स्टनला पुण्याच्या दरबारचा भ्रष्टाचार एकदम दिसू लागला.

हे 'एकदम दिसू लागणं' लक्षात ठेवा. जयपुरातही तेच झालं.

1834 मध्ये शेखावाटीत बंदोबस्तासाठी कंपनीने फौज घातली, आणि खर्च जयपूरच्या नावावर टाकला. तो वसूल करायला 1835 मध्ये सांभरच्या मिठातला जयपूरचा वाटा ताब्यात घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पंधरा वर्षांचा जयसिंह अचानक वारला. विषप्रयोगाचा बोभाटा झाला आणि बोट झूंथारामाकडे गेलं. मागे राहिला रामसिंह, जेमतेम दीड वर्षाचा. गव्हर्नर जनरलचा एजंट मेजर आल्व्हिस जयपुरात आला, झूंथारामाला बाजूला केलं, बैरीसालला बसवलं. 4 जून 1835 ला आल्व्हिस राजवाड्यातून बाहेर पडताना त्याच्यावर तलवारीचा हल्ला झाला. तो जखमी झाला. त्याचा मदतनीस मार्टिन ब्लेक याने हल्लेखोराला धरवलं आणि ती रक्ताने भरलेली तलवार घेऊन तो हत्तीवरून निघाला. रस्त्यातल्या लोकांनी काय पाहिलं? राजवाड्यातून एक फिरंगी रक्ताची तलवार घेऊन येतोय. आरोळी उठली की फिरंग्याने छोट्या महाराजाला मारलं. दगड सुरू झाले. ब्लेकने एका देवळात आसरा घेतला, पण जमावाने त्याला तिथे गाठून ठार केलं.

ब्लेकने कोणाला मारलं नव्हतं. पण सतरा वर्षं हे शहर बघत होतं की राजवाड्यात कोण राहणार, कोण जाणार हे फिरंगी ठरवतो. त्यामुळे अफवेवर विश्वास बसायला क्षणही लागला नाही.

खटला चालला. झूंथाराम आणि त्याचा भाऊ हुकुमचंद यांना चुनारच्या किल्ल्यात जन्मभराची कैद झाली. दिवाण अमरचंद फासावर गेले. शहरावर सूड उगवला जाऊ नये म्हणून त्यांनी दोष स्वतःवर घेतला, असं जयपूरच्या जैन समाजात सांगतात. आणि आठ लाखांची खंडणी? 1842 मध्ये कंपनीने स्वतःच मान्य केलं की ती झेपण्यासारखी नव्हती. शेहेचाळीस लाखांची बाकी माफ केली आणि सालिना रक्कम चार लाखांवर आणली. चोवीस वर्षांनी.

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे, काबूलकडे. 2001 च्या डिसेंबरात कंदाहार तालिबानच्या हातून गेलं तेव्हा अमेरिकेच्या विशेष दलांनी ज्याला बरोबर आणलं तो गुल आगा शेरझाई. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तोच कंदाहारचा गव्हर्नर होता. त्या काळात रस्त्यारस्त्यावर सशस्त्र टोळ्यांचे नाके आणि वसुली चाले, आणि त्याच त्राग्यातून 1994 मध्ये तिथे तालिबान उभं राहिलं. म्हणजे ज्या कारभाराला विटून लोकांनी तालिबानला वाट दिली, तोच कारभार परत. अमीरखानासारखंच त्याच्याकडे त्या आठवड्यात माणसं होती. पुढे राष्ट्राध्यक्ष करझाईंच्या कार्यालयात सीआयएकडून रोकड पिशव्या भरभरून पोचत होती. 2013 मध्ये हे छापून आलं आणि करझाईंनी ते नाकारलं नाही. 2010 मध्ये काबूल बँक बुडाली. जवळजवळ 90 कोटी डॉलर सत्तेतल्या लोकांच्या भावाबंदांनी कर्ज म्हणून उचलले होते.

आणि इथेही एक मन्रो होता. अमेरिकेने अफगाणिस्तानातल्या खर्चावर नजर ठेवायला एक खास महानिरीक्षक नेमला होता. त्याच्या कचेरीने 2016 मध्ये स्पष्ट अहवाल दिला: भ्रष्टाचार आपल्या पैशाने आणि आपण निवडलेल्या दोस्तांमुळे वाढला, आणि तालिबानशी लढणं अधिक तातडीचं वाटलं म्हणून आपण तिकडे काणाडोळा केला. अहवाल सरकारचाच, सरकारलाच दिलेला. नंतर पाच वर्षं पैसे जातच राहिले. 15 ऑगस्ट 2021 ला राष्ट्राध्यक्ष अशरफ घनी देश सोडून गेले आणि तालिबान राजवाड्यात बसलं. पगार खाणारे 'कागदी' शिपाई आणि ज्यांचा पगार वरच्यांनी खाल्ला असे खरे शिपाई, दोघेही त्या दिवशी उभे राहिले नाहीत. कोणासाठी उभं राहायचं?

कोणी म्हणेल, मग पर्याय काय होता? तालिबान बरे होते का? नव्हते. अमीरखान मोकळा फिरत राहणं जयपूरच्या शेतकऱ्याला बरं होतं का? तेही नाही. टोंकच्या तहानंतर लुटालूट थांबली, हे खरंच आहे, आणि त्या शेतकऱ्याने एक सुस्कारा टाकला असणार. पण लुटणाऱ्याला गप्प बसवणं वेगळं, आणि त्याला पिढ्यान् पिढ्यांची हमी देणं वेगळं. पहिल्या गोष्टीत फौजेचा फायदा आणि लोकांचा फायदा जुळतो, दुसरीत फारकत होते. ती फारकत दिसायला वेळ लागतो एवढंच.

टोंकला किती वेळ लागला? पन्नास वर्षं. अमीरखान 1834 मध्ये शांतपणे, नवाब म्हणून वारला. टोंकच्या हाताखाली लावा नावाची एक छोटी राजपूत ठाकुरी होती. 1867 मध्ये अमीरखानाचा नातू महंमद अलीखान गादीवर असताना लाव्याच्या ठाकुराचा काका बोलणी करायला म्हणून टोंकला आला, आणि तो आणि त्याची माणसं तिथे मारली गेली. बोलणी करायला बोलावून मारणं. नागौरची गोष्ट आठवली ना? तेव्हाच्या इंग्रज सरकारने नवाबाला गादीवरून काढून बनारसला पाठवलं, लावा टोंकपासून वेगळं केलं, त्याच्या मुलाला गादी दिली, आणि टोंकच्या नवाबाची सलामी 17 तोफांवरून 11 वर आणली. पुढे ती पुन्हा 17 केली.

पुढच्या भागात लाव्याबद्दल जरा सविस्तर बोलू. भेटू.